मागच्या अंगणासाठी जोडता-सुटता होणारी लाकडी बैठक

एकच लांबलचक बाकडं करू नका, त्यापेक्षा दोन बाय दोन फुटांचे सुटे चौरंग करा, म्हणजे पाहुणे आले की जोडून सोफा, नाहीतर एकेक उचलून कडुलिंबाच्या सावलीत. लाकूड लकडगंजच्या लाकूडबाजारात बघा, सागवान महाग पडतं पण आपल्या नागपूरच्या ४५ डिग्रीत आणि नंतरच्या पावसात तेच टिकतं, उधईपण लवकर लागत नाही.

एका चौरंगाला ३ इंच रुंद, १ इंच जाड अशा ७ पट्ट्या लागतात, मध्ये अर्धा-अर्धा इंच फट सोडली की बरोबर २४ इंच भरतात आणि पाणी खाली निघून जातं. पाय १५ इंचांचे, वर पट्टी, वर २ इंचांची गादी, की उंची झाली १८, म्हाताऱ्या माणसांनाही उठायला सोपं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या अन् आधी बारीक भोक पाडा, नाहीतर पट्टी टोकाला चिरते.

खरी मेहनत जोडणीत आहे. प्लायच्या तुकड्यावर दोन भोकांचा फर्मा बनवा आणि पट्ट्यांखालच्या प्रत्येक फ्रेमच्या (चौकटीच्या) चारही बाजूंना त्याच्यावरूनच ड्रिल मारा, मग कुठलाही चौरंग कुठल्याही बाजूने ८ एमएमच्या बोल्टनं बसतो, विंग नट (हातानंच फिरवायचा पंखवाला नट) लावला तर पानासुद्धा लागत नाही.

शेवटी जवसाचं तेल, पायांच्या तळाला तर दोन-तीनदा पाजा, पाणी तिथूनच चढतं. तेलाची फडकी मात्र गोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा.