आयईएल्ट्सचा तक्ता: इंग्लंडला निघालेल्या आपल्याकडच्या सिस्टर-ब्रदरांसाठी

लातूर, नांदेड, अंबाजोगाईकडून नर्सिंग करून इंग्लंडला यायच्या तयारीत असलेल्यांचे फोन मला वरचेवर येतात. विषय बहुतेक एकच असतो, आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतलं लेखन. इथल्या, म्हणजे ब्रिटनमधल्या, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीसाठी तिच्या अकॅडमिक प्रकारात एकूण ७ बँड, म्हणजे गुणांची श्रेणी, लागतो. ऐकणं, वाचणं, बोलणं यांतही प्रत्येकी ७. लेखनात मात्र ६.५ चालतो. एवढी सूट असूनही पुष्कळ जण तिथंच अडकतात, आणि त्यातही पहिल्या प्रश्नात, जिथं तक्ता किंवा आलेख देऊन त्याचं वर्णन करायला सांगतात. आधी एक खात्री करून घ्या. फॉर्म भरताना जनरल ट्रेनिंग हा दुसरा प्रकार निवडला गेला तर तक्त्याऐवजी पत्र येतं, आणि ती परीक्षा या नोंदणीला चालत नाही. एजंट भरून देतोय म्हणून न वाचता पैसे भरू नका.

या प्रश्नाला साधारण २० मिनिटं आणि किमान १५० शब्द. पुढचा निबंध ४० मिनिटांचा, २५० शब्दांचा, आणि त्याला दुप्पट वजन. तक्त्यात अर्धा तास गेला की निबंध बुडालाच.

सरावाला कुठल्या परदेशी आकड्यांची गरज नाही. आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची जनगणना घ्या, एका रकान्यात २००१ आणि शेजारी २०११. औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, २८.९७ लाखांवरून ३७.०१ लाखांवर गेलं. नांदेड २८.७६ वरून ३३.६१, बीड २१.६१ वरून २५.८५, लातूर २०.८० वरून २४.५४, जालना १६.१३ वरून १९.५९, परभणी १५.२८ वरून १८.३६, उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, १४.८७ वरून १६.५८ आणि हिंगोली ९.८७ वरून ११.७७. हा तक्ता वहीत आखा आणि घड्याळ लावून लिहायला बसा.

बहुतेक जण काय करतात? मी वर केलं तेच. वरून खाली सोळा आकडे उतरवतात आणि दीडशे शब्द भरले की पेन खाली ठेवतात. परीक्षकाच्या निकषांत नेमकं हेच ५ बँडचं लक्षण म्हणून दिलेलं आहे: तपशील यांत्रिकपणे मांडला. ७ बँडला एकूण चित्र ठळक दिसावं लागतं.

हे काम तुम्हाला नवीन नाही. सकाळी हँडओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडं पेशंट सोपवताना, तुम्ही टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवरची रात्रभराची प्रत्येक नोंद वाचून दाखवता का? ताप उतरतोय, बीपी स्थिर आहे, फक्त पहाटे एकदा पल्स वाढला होता, असं सांगता. आधी पेशंटची स्थिती, मग जी नोंद महत्त्वाची तिचा आकडा. तक्त्याचं वर्णन म्हणजे असा लेखी हँडओव्हर.

तेव्हा पहिल्या वाक्यात तक्ता कशाचा आहे ते स्वतःच्या शब्दांत सांगा. प्रश्नातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं तर त्याचं श्रेय मिळत नाही. त्यानंतर लगेच एकूण चित्र द्या: दहा वर्षांत आठही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढली, त्यांचा क्रम तोच राहिला, सगळ्यात मोठं औरंगाबाद सगळ्यात वेगानं वाढलं, आणि उस्मानाबादची वाढ सगळ्यात संथ होती. या दोन वाक्यांत आकडा एकही नको.

आकडे पुढच्या परिच्छेदांत येतात, तेही निवडून आणि तुलनेत बांधून. या तक्त्यात मला सगळ्यात बोलकी वाटते ती औरंगाबाद आणि नांदेडची जोडी. २००१ मध्ये दोघांत जेमतेम २१ हजारांचं अंतर होतं, २०११ मध्ये ते सुमारे ३ लाख ४० हजार झालं. कारण एक जवळपास २८ टक्क्यांनी वाढलं आणि दुसरं १७ टक्क्यांनी. हे तक्त्यात कुठंच लिहिलेलं नाही, वजाबाकी करून काढावं लागतं. बीड आणि लातूर एका वाक्यात एकत्र घ्या. जालना, परभणीही तसेच. हिंगोलीचं एवढंच सांगा की २००१ मध्ये दहा लाखांच्या खाली असलेला तो एकटाच जिल्हा होता.

आता अचूकपणा. परीक्षकाला लाख-कोटी कळत नाहीत. ३७.०१ लाखांचं ३.७ मिलियन करा, आणि स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर द्या. तक्त्याच्या डोक्यावर आकडे हजारांत आहेत असं बारीक अक्षरात लिहिलेलं असेल तर ३,७०१ म्हणजे ३७ लाख. ती ओळ सुटली तर पुढचं सगळं उत्तर चुकतं. 'इन्क्रीज्ड बाय' नंतर वाढ येते, 'इन्क्रीज्ड टू' नंतर शेवटचा आकडा. टक्क्यांच्या तक्त्यात तर आणखी सांभाळा. महाराष्ट्राची साक्षरता २००१ मध्ये सुमारे ७६.९ टक्के होती, २०११ मध्ये ८२.३. ही वाढ ५.४ पर्सेंटेज पॉइंटची आहे. तिला ५.४ टक्के म्हटलं तर विधान चुकीचं ठरतं, कारण मूळ आकड्याच्या मानानं वाढ ७ टक्के होते. आणि साल मागचं असेल तर क्रियापद शेवटपर्यंत भूतकाळातच ठेवा.

सगळ्यात जड जातं ते कारणं न लिहिणं. उस्मानाबाद कमी का वाढलं असेल, यावर आपल्याकडचं कुणीही तासभर बोलेल. दुष्काळ, पुण्याकडं गेलेली तरुण पोरं, ऊसतोडीला जाणारी घरंच्या घरं. हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं आहे, त्यामुळं हात आपोआप तिकडं वळतो. पण तक्त्यात पावसाचा रकाना नाही आणि स्थलांतराचाही नाही. जे तक्त्यात नाही ते उत्तरात नको, मग ते कितीही खरं असो. गावचा दुष्काळ तुम्हाला मांडायचाच असेल तर तो निबंधात मांडा. तिथं स्वतःच्या अनुभवातली उदाहरणं द्यायला सांगितलेलंच असतं.

शेवटची दोन मिनिटं राखून ठेवा. उत्तरातला एकेक आकडा बोटानं तक्त्यावर शोधा: जिल्हा बरोबर, साल बरोबर, एकक बरोबर. सराव करून मला उत्तर पाठवणार असाल तर सोबत तक्त्याचा फोटोही पाठवा. तक्ता समोर असल्याशिवाय मी कुणाचंही वाक्य तपासत नाही.