बिल थकलं म्हणून काम सोडताय? आधी या चुका टाळा

नवी मुंबईत उलव्यातल्या एका साइटवर माझ्या ओळखीच्या सेंटरिंग (स्लॅबचे साचे लावणाऱ्या) ठेकेदाराची तीन आरए बिलं (जेवढं काम झालं तेवढ्याची टप्प्याटप्प्याची बिलं) थकली. शनिवारी रात्री वैतागून त्याने दोन ट्रक लावले आणि प्लेटा, जॅक सगळं काढून नेलं. सोमवारी बिल्डरची नोटीस हजर: काम अर्धवट टाकून गेलात, दुसऱ्याकडून करून घेतो, फरक तुमच्याकडून वसूल करू. पैसे याचे अडकलेले आणि करार मोडणाराही हाच!

बिल थकलं की काम बंद करायचा हक्क आपोआप मिळत नाही. वर्क ऑर्डरच्या मागच्या बारीक अटी आधी वाचा. करार फिडिकच्या (सल्लागार इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) 1999 च्या रेड बुकाप्रमाणे, म्हणजे त्यांच्या बांधकामाच्या नमुना कराराप्रमाणे असेल, तर काम थांबवण्याआधी किमान 21 दिवसांची नोटीस लागते. पैशांची मुदत उलटून 42 दिवस गेले, की 14 दिवसांची नोटीस देऊन करारच संपवता येतो. घोडबंदरपासून खारघरपर्यंतच्या छोट्या वर्क ऑर्डरींत ठेकेदाराच्या सोयीचं असं कलम क्वचितच दिसतं. मग करार संपवायला उरतं 1872 च्या करार कायद्याचं कलम 39. त्यासाठी समोरच्याने करार पाळायलाच नकार दिलेला असावा लागतो. एक बिल पंधरा दिवस लांबलं, एवढ्याने भागत नाही. शिवाय करार रद्द केल्याचं पत्र देऊन पुढच्या आठवड्यात स्लॅब भरलात, तर करार चालू ठेवायला तुमची संमती होती असाच अर्थ निघेल.

सामान हलवण्याआधी जॉइंट मेजरमेंट करा, म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून झालेल्या कामाची मापं घ्या. ‘सातवा मजला झाला’ असं मोघम नको. विंग, ग्रिड (नकाशावरच्या कॉलमच्या रेषांचे नंबर), किती चौरस मीटर शटरिंग (साचेकाम), किती स्टील बांधलं, सगळं लिहून साइट इंजिनिअरची सही घ्या. तो टाळत असेल तर तारीख-वेळ लेखी कळवा आणि त्या वेळी फोटो काढून मापं घ्या. नवा ठेकेदार आला की आठ दिवसांत तुमचं काम प्लास्टरखाली जातं. उलव्यातल्या त्या हिशेबात दोन बिलं मान्य झाली. तिसरं अडकलं, कारण सातव्या मजल्याचं माप कुणाकडेच नव्हतं.

‘सर, पेमेंट बघा ना’ हा व्हॉट्सॲप मेसेज म्हणजे नोटीस नव्हे. करारातल्या पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्ट (पूर्वीची रजिस्टर्ड एडी आता त्यातच विलीन झाली आहे) आणि ईमेल, दोन्ही पाठवा. चॅट मात्र पुसू नका आणि तो फोनही विकू नका.

अर्धा चेक हातात पडताना ‘फुल अँड फायनल’वर, म्हणजे सगळा हिशेब मिटला अशा कागदावर, सही करू नका. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) आहे, एमएसएमई कायद्याने 45 दिवसांत पैसे येतीलच, या भरवशावरही राहू नका; वर्क्स कॉन्ट्रॅक्टला (माल आणि मजुरी एकत्र असलेल्या कामाच्या कराराला) तो कायदा लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे.

केलेल्या कामाच्या पैशांचा दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो. ‘बिल आमच्याकडे आलंच नाही’ असं उत्तर मिळालं, तर आधी इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर तुमच्या नावे कापलेल्या टीडीएसचं स्टेटमेंट (26एएस) उघडून बघा. पैसे न देताच त्या बिलावर टीडीएस कापून भरलेला दिसला, तर त्याची प्रिंट नोटिशीला जोडा.