एसडीआय व्हिडिओ फायबरवरून लांब कसा पाठवायचा

एसडीआय म्हणजे स्टुडिओच्या कॅमेऱ्यातून निघणारा डिजिटल व्हिडिओ सिग्नल. कॅमेरा एका टोकाला, कंट्रोल रूम दुसऱ्या टोकाला, मध्ये चारशे मीटर आणि हातात नेहमीची कोॲक्स केबल (टीव्हीच्या डिशला असते तशी, तांब्याची), तर हे जमणार नाही. तांब्यात फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितका सिग्नल लवकर मरतो, त्यामुळे एचडी-एसडीआय चांगल्या कोॲक्सवरही शंभर-दीडशे मीटरच्या आसपास मान टाकतो आणि ४के चा १२जी-एसडीआय त्याच्या बराच आधी. फायबरमध्ये, म्हणजे काचेच्या बारीक तंतूत, मात्र १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशाला किलोमीटरमागे साधारण ०.३५ डीबी (डेसिबल, सिग्नल किती घटला याचं माप) एवढाच फटका बसतो, म्हणजे चारशे मीटर त्याच्या खिजगणतीतही नाहीत. बहुतेक वेळा घोळ काचेत नसतोच, तो टोकांना असतो, म्हणून खाली जास्त वेळ तिथेच घालवलाय.

१. आधी स्पीड काढा

१०८०पी ६० घ्या. दिसतात १९२० × १०८० पिक्सेल, पण ब्लँकिंग (चित्राभोवतीचा न दिसणारा भाग) धरून फ्रेम होते २२०० × ११२५ ची. त्याला ६० फ्रेम आणि पिक्सेलमागे २० बिट यांनी गुणलं की सेकंदाला २.९७ गिगाबिट, हाच तो ३जी-एसडीआय. १०८०आय असेल तर याच्या निम्मा, १.४८५, आणि ४के ६० ला चौपट, ११.८८, हाच १२जी. कॉम्प्रेशन नाही, बफर नाही, एकेक बिट जसाच्या तसा जातो. किलोमीटरला उशीर होतो फक्त ५ मायक्रोसेकंदांच्या आसपास, म्हणजे लाइव्हला काळजीच नको.

२. फायबर: सिंगलमोड घ्या आणि विषय संपवा

पिवळ्या जॅकेटची, ९/१२५ मायक्रॉनची (गाभा ९, बाहेरची काच १२५), प्रकाशाला एकच वाट देणारी. मल्टिमोड (जाड गाभ्याची, अनेक वाटांची) कमी अंतराला चालते, पण उद्या स्पीड वाढला की तीच आडवी येते. फक्त दोन्ही प्रकार एका लाइनीत मिसळू नका.

३. मॉड्यूल निवडताना घाई नको

इथे मी एकदा तोंडघशी पडलोय. स्विचसाठी आणलेलं नेटवर्कचं एसएफपी (विजेच्या सिग्नलचा प्रकाश आणि प्रकाशाचा परत सिग्नल करणारं, खोचायचं छोटं मॉड्यूल) पडून होतं, ते एसडीआयचं फायबर करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये घातलं, सकाळभर कलरबार एकदम झकास, कॅमेरेही झकास, आणि कार्यक्रम सुरू झाल्यावर एक सपाट रंगाची स्लाइड आली की पडदा काळा, स्लाइड गेली की चित्र परत! सगळे केबल हलवत बसले.

कारण असं की नेटवर्कच्या कोडिंगमध्ये शून्य आणि एक यांचा तोल सांभाळलेला असतो, एसडीआयमध्ये मात्र फक्त स्क्रँबलर (बिट ठरावीक रीतीने विस्कटणारा) असतो, त्यामुळे काही ठरावीक रंगांना सलग १९ बिट एकसारखे आणि मग एकच उलटा बिट, असा प्रकार ओळभर चालू राहू शकतो. साध्या मॉड्यूलचा रिसीव्हर अशा वेळी गोंधळतो. म्हणून व्हिडिओसाठीच बनवलेलं, पॅथॉलॉजिकल, म्हणजे असले वाईटात वाईट सिग्नल झेलणारं एसएफपी घ्या. आणखी एक, व्हिडिओच्या एसएफपीत दोन्ही भोकं ट्रान्समिटर किंवा दोन्ही रिसीव्हर असू शकतात, कारण एसडीआय एकाच दिशेने जातो. आकार तोच दिसतो म्हणून फसू नका.

४. डीबीचा हिशोब

समजा ट्रान्समिटर कमीत कमी −५ डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत प्रकाशाची ताकद) देतो आणि रिसीव्हरला किमान −१८ लागतात, तर हातात १३ डीबी. १० किलोमीटर फायबरचे ३.५, चार कनेक्टरचे प्रत्येकी ०.५ प्रमाणे २, तीन स्प्लाइसचे (फायबरच्या कायमच्या सांध्यांचे) मिळून ०.३, एकूण ५.८. उरले ७.२, छान. किमान ३ डीबी तरी शिल्लक राहायलाच हवेत. उलटंही होतं बरं का, लांब पल्ल्याचं दमदार मॉड्यूल छोट्या पॅचकॉर्डवर लावलं तर रिसीव्हरचे डोळे दिपतात, मग ॲटेन्युएटर (प्रकाश मुद्दाम कमी करणारा तुकडा) लावावा लागतो.

५. टोकं साफ करा, खरंच करा

गाभा ९ मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही कितीतरी बारीक, त्यावर धुळीचा एक कण बसला तरी प्रकाश अडतो आणि वर दाबून जोडलं तर तो कण समोरच्या टोकालाही चिकटतो, कधीकधी काच ओरखडतो. त्यामुळे क्रम असा: इन्स्पेक्शन स्कोपने बघा, क्लिकवाल्या क्लीनरने पुसा, पुन्हा बघा, मगच जोडा. नवी पॅचकॉर्ड पिशवीतून काढलीये म्हणून स्वच्छ समजू नका. शर्टाला पुसणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्याबद्दल काही न बोललेलं बरं.

हिरवा कनेक्टर म्हणजे एपीसी, त्याचं टोक ८ अंशात तिरकं घासलेलं असतं, निळा म्हणजे यूपीसी. हिरव्यात हिरवा, निळ्यात निळा. हिरवा-निळा जोडला की मध्ये फट राहते आणि डीबी उडतात. आणि चालू फायबरच्या टोकात कधीच डोकावू नका, १३१० चा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्यालाही नाही.

६. जोडा आणि वाईटात वाईट सिग्नलने तपासा

केबल ओढताना वळणं ऐसपैस ठेवा, साध्या सिंगलमोडला ३० मिमी त्रिज्येच्या खाली नको. पॉवर मीटर १३१० वर ठेवून लांबच्या टोकाला रीडिंग घ्या, हिशोबाशी जुळतंय का बघा. मग टेस्ट सिग्नलच्या जनरेटरवरून कलरबार नाही, चेकफील्ड सोडा, अर्धा पडदा जांभळट आणि अर्धा राखाडी दिसणारा तो पॅटर्न. अर्धा तास चालू ठेवा आणि सीआरसी एररचा (चुकलेल्या बिटांची खूण) आकडा शून्यावर राहतो का बघा. चित्र चांगलं दिसतंय यावर जाऊ नका, डिजिटल सिग्नल कड्याच्या टोकापर्यंत सुंदर दिसतो आणि मग एकदम कोसळतो.

ऑडिओची वेगळी लाइन लागत नाही, एचडी-एसडीआयच्या पोटात १६ चॅनल जातात. वीज मात्र काचेतून जात नाही, कॅमेऱ्यालाही त्याच केबलमधून पॉवर हवी असेल तर तांब्याच्या तारा असलेली हायब्रिड केबल घ्या. एचडीएमआयची ऑप्टिकल केबल असेल तर तिला दिशा असते, सोर्सचं टोक टीव्हीत घातलं की काहीच दिसत नाही.

सगळं चाललं की ते रीडिंग तारखेसकट कागदावर लिहून पॅनेलच्या आत चिकटवा. पुढे कधी −७ च्या जागी −१३ दिसलं तर नवं मॉड्यूल मागवायच्या आधी क्लीनर उचला.