उताऱ्यावर नाव मयत वडिलांचं, आणि घर विकायचंय

वडील जाऊन दहा-बारा वर्षं झालेली, घरपट्टी मुलगा भरतोय, वीजबिल त्याच्या नावावर आणि मालमत्ता पत्रकावर (शहरी जागेचा सरकारी उतारा, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड) नाव अजून वडिलांचंच. महाराष्ट्रात घराची विक्री अडते ती बरेचदा इथेच. घरपट्टीची पावती हा कराचा कागद आहे, तिच्यावरून मालकी ठरत नाही. घेणाऱ्याच्या वकिलाला हे पहिल्याच बैठकीत दिसतं, आणि भाव तिथून उतरायला लागतो. म्हणून घर दाखवायला सुरुवात करण्याआधी स्वतःच वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध, करून घ्यावा.

त्यासाठी सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, त्यावरच्या प्रत्येक फेरफाराची (हक्क बदलल्याच्या नोंदीची) नक्कल (जुने हस्तलिखितसुद्धा) आणि दुय्यम निबंधकाकडचे सूची दोनचे (नोंदणी झालेल्या दस्तांचा गोषवारा, इंडेक्स टू) उतारे गोळा करा. फेरफाराचे नुसते नंबर जुळवून भागत नाही, आतला मजकूर वाचावा लागतो. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. एकट्या थोरल्या भावाचं नाव असं लागलेलं असेल, तर बाकीचे हिस्सेदार कागदावर दिसत नाहीत, पण हिस्सा त्यांचा असतोच. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता: कोणीतरी त्या वेळी लहान होतं, त्याचं पुढे काय झालं ते शोधा. ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, दिसेल, आणि कर्ज केव्हाच फिटलेलं असलं तरी तो तिथे तसाच राहिलेला असू शकतो.

मग वारसांची यादी. समजा घर वडिलांच्या स्वकमाईचं, मृत्युपत्र नाही, आणि वारस पत्नी, दोन मुलगे, दोन मुली. हिंदू वारसा कायद्याने पाचही जणांना सारखा एक पंचमांश. आता थोरली मुलगी हयात नाही. ती वडिलांच्या आधी गेली असेल, तर तिचा वाटा तिच्या मुलांना जातो, जावयाला नाही. वडिलांच्या नंतर गेली असेल, तर वाटा आधी तिचा झाला आणि तिच्यामागे नवरा व मुलं यांचा. म्हणजे जावयाचीही सही लागते. दोन्ही मृत्यूचे दाखले शेजारी ठेवून तारखा बघा. हा जावई सुटला, तर खरेदीखत नोंदवूनही त्याचा हिस्सा विकला गेलेला नसतो.

घर वडिलोपार्जित असेल तर हिशेब वेगळा: ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः हक्क मिळाला, आणि त्या तारखेला वडील हयात असायला हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत किंवा कोर्टाच्या हुकुमाने वाटप झालेलं असेल, तर मात्र ते मोडत नाही. ‘बहिणींना लग्नात दिलंय’ हे वाक्य कायद्यात कुठेच नाही.

बापाकडून वारशाने वाटा आलेला मुलगा अठराच्या आतला असेल, तर नुसत्या आईच्या सहीवर त्याचा वाटा विकू नका. कोर्टाची परवानगी घ्या, नाहीतर सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो ती विक्री रद्द करून मागू शकतो.

वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि वारसांचे ओळखीचे कागद घेऊन सातबारा असेल तिथे तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी), मालमत्ता पत्रक असेल तिथे नगर भूमापन कार्यालयात अर्ज करा. तलाठ्याकडे हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते. कोणी हरकत घेतली, तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं आणि सुनावणी लागते.

बहिणी हिस्सा सोडायला तयार असल्या, तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं. शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी केलेलं हक्कसोड फाइलमध्ये ठेवायला बरं, हक्क त्याने सुटत नाही. पण विकायचंच असेल, तर हक्कसोड मुळात कशाला? सगळ्या वारसांना खरेदीखतात ‘लिहून देणार’ (विकणारे) म्हणून उभं करा आणि ज्याच्या त्याच्या नावाचा चेक घ्या. एक दस्त वाचतो, आणि एकाच भावाच्या खात्यात सगळी रक्कम जाऊन पुढे होणारं भांडणही.

फिटलेल्या कर्जाचा बोजा उतरवायला बँकेचं पत्र घेऊन बोजा कमी करण्याचा फेरफार घालावा लागतो. ना-देय दाखला नुसता हातात असून उतारा साफ होत नाही. मूळ कागद बँकेकडेच असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने, १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत ते परत द्यायचे असतात. बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. मूळ दस्त घरातूनच हरवला असेल, तर पोलिसांत हरवल्याची नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि निबंधक कार्यालयाची प्रमाणित प्रत, या तिन्ही गोष्टी लागतात.

हे सगळं मिटायच्या आत गिऱ्हाईक आलंच, तर दोष लपवू नका. मालकीतला दोष सांगणं विकणाऱ्यावर कायद्याने बंधनकारक आहे. विसार थोडाच घ्या आणि साठेखतात (पुढे विक्री करण्याच्या करारात) तारीख घालून लिहा: अमुक दिवसापर्यंत बोजा उतरवून व वारस नोंद करून देऊ, न झाल्यास विसाराची रक्कम इतक्या दिवसांत परत. ताबा मात्र देऊ नका. ताब्यासहित साठेखताला खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क लागतं, शिवाय व्यवहार फिसकटला तर माणूस बाहेर काढणं कठीण.

एक वारस सहीच करत नसेल, तर उरतो वाटणीचा दावा. तो वर्षानुवर्षं चालतो. दाव्याशिवाय आपला अविभक्त (वाटणी न झालेला) हिस्सा विकता येतो, पण राहत्या घरात बाहेरच्या खरेदीदाराला कुटुंबाबरोबर संयुक्त ताबा मागता येत नाही, आणि त्याने वाटणी मागितली तर घरचे लोक कोर्टाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा घेऊ शकतात. बँकही अशा हिश्श्यावर सहसा कर्ज देत नाही. तेव्हा बाहेर गिऱ्हाईक शोधण्याआधी सही न करणाऱ्या भावालाच आकडा विचारून बघा.