विकण्याआधी भिंतीची ओल काढली

डोंबिवलीतला वन बीएचके विकायला काढला, पण बेडरूमच्या भिंतीला पोपडे धरलेले. येणारा प्रत्येक जण तिथेच हात लावायचा आणि भाव पाडून मागायचा. आधी नुसता रंग मारला होता. एका पावसाळ्यात पुन्हा फुगला. मग मूळ शोधलं. भिंतीपलीकडे बाथरूम, नहाणी ट्रॅपभोवतीचा, म्हणजे फरशीतून पाणी वाहून जाण्याच्या तोंडाभोवतीचा, सांधा उघडा. फरश्यांचे सांधे खरवडून पाणी शिरू न देणारं इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचं मिश्रण) भरलं, ट्रॅपभोवती वॉटरप्रूफिंग केलं, ट्रॅप बंद करून 24 तास पाणी तुंबवून पाहिलं. बेडरूमकडचं ओलं प्लॅस्टर विटेपर्यंत काढून भिंत महिनाभर उघडी सुकू दिली. कितीही घाई असो, हे टाळू नका. मगच प्लॅस्टर, पुट्टी, रंग. मॉड्युलर किचनवर मात्र पैसे घातले नाहीत. घेणारा ते आपल्या आवडीनं बदलतोच. पुढच्या गिऱ्हाइकानं भिंतीला हात लावला, आणि थेट सोसायटीच्या कागदपत्रांची चौकशी केली.