पोलिसांनी गाडी अडवली तर: पावती मागायला संकोच नको

सोयाबीनचा हंगाम होता. माझे चुलते मोंढ्यातून परत निघाले, तर शहराबाहेरच्या एका नाक्यावर त्यांची मोटारसायकल अडवली आणि चावी काढून घेतली. लायसन घरी राहिलेलं. "पावती फाडू, का इथंच मिटवायचं?" दंड किती ते न विचारताच काकांनी पाचशेची नोट काढून दिली आणि घरी येऊन म्हणाले, "सुटलो बाबा." लायसन तर त्यांच्या खिशातल्या मोबाइलमध्येच होतं. कागदपत्रं ठेवायचं सरकारी ॲप, डिजिलॉकर, मीच काढून दिलं होतं, पण ते पोलिसांना दाखवलं तरी चालतं, हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

घरातून निघण्याआधी

लायसन, आरसी बुक, विमा आणि पीयूसी ही चार कागदपत्रं लागतात. मालवाहू किंवा प्रवासी गाडीला फिटनेस आणि परमिटही लागतं. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली कागदपत्रं मूळ कागदांइतकीच ग्राह्य आहेत. केंद्र सरकारने २०१८ मध्येच तसं कळवलं आहे आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३९ मध्येही इलेक्ट्रॉनिक कागदपत्रांची सोय आहे. गॅलरीतला फोटो मात्र यात धरत नाहीत. आपल्याकडे गाव सोडलं की रेंज जाते, त्यामुळे लायसन तरी पाकिटात असू द्यावं.

हात दाखवला की

थांबा. पळून जाऊ नका, त्याने साधं प्रकरण अवघड होतं. गाडी कडेला घ्या, बंद करा आणि चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवा. ही सवय फार उपयोगी आहे. चावी हिसकावून घ्यायचा अधिकार मोटार वाहन कायद्यात कुठेही दिलेला नाही. मग विचारा, "साहेब, गाडी कशासाठी थांबवली?" कागदपत्रं मागणारा पोलीस गणवेशात असला पाहिजे. छातीवरची नावाची पट्टी वाचून घ्या.

इथे बऱ्याच जणांना एकच भीती असते: जास्त बोललो तर "तीनशे त्रेपन्न" लावतील. ते सरकारी नोकरावरच्या हल्ल्याचं, जुन्या दंडविधानातलं कलम. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ आलं. त्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर व्हावा लागतो. शांतपणे कारण विचारणं, पावती मागणं यात बसत नाही. पण कॉलरला हात घातला, ढकललं, तर बसतं. म्हणून आवाज खाली आणि हात आपल्यापाशी.

चित्रीकरण करावं का? गरज वाटली तर करा, पण मोबाइल कुणाच्या तोंडासमोर धरू नका आणि कामात आडवे येऊ नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलं आहे की पोलीस ठाणंसुद्धा सरकारी गोपनीयता कायद्यातलं प्रतिबंधित ठिकाण नाही, म्हणून तिथलं चित्रीकरण त्या कायद्याने गुन्हा ठरत नाही. रस्ता तर सार्वजनिकच आहे.

दंडाची गोष्ट

चूक केली असेल तर दंड भरा, त्यात कमीपणा नाही. पण पैसे दिले की पावती हवीच. आता बहुतेक ठिकाणी मशीनवर ई-चलान होतं. त्यावरचा गाडी नंबर, वेळ, ठिकाण आणि कलम तिथेच वाचा. एमएच २४ च्या जागी एमएच २५ पडलं, तर लातूरच्या गाडीचा दंड धाराशिवच्या माणसाच्या माथी बसतो.

चूक मान्य नसेल तर जागेवर पैसे भरायची सक्ती नाही. तो दंड म्हणजे तडजोडीची रक्कम असते, म्हणजे न्यायालयात न जाता प्रकरण कायदेशीरपणे मिटवायची. ती नाकारून न्यायालयात बाजू मांडता येते. चुकीच्या चलानची तक्रार महाट्रॅफिक ॲपवरही करता येते.

लायसन जप्त केलं तर लेखी पोच घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ नुसार ती द्यावीच लागते. त्या पोचवर गाडी चालवता येते का, हे तिथेच विचारून घ्या, कारण काही गुन्ह्यांत चालवता येत नाही. विनालायसन किंवा विनानोंदणी गाडी चालवताना सापडलात, तर गाडीच अडकवून ठेवायचा अधिकार कलम २०७ ने पोलिसांना दिला आहे. तिथे वाद घालून उपयोग नाही.

दारूची तपासणी, अटक

१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य आढळलं तर गुन्हा होतो. श्वास तपासायच्या यंत्रात फुंकायला नकार देऊ नका. पोलिसांना संशय असेल तर नकारावरूनही अटक होऊ शकते. नळी मात्र नवी मागा. या गुन्ह्यात अटक झाली तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं.

कुठलीही अटक असो, कारण सांगणं, घरच्यांना कळवणं आणि चोवीस तासांत न्यायाधीशांसमोर उभं करणं बंधनकारक आहे. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर, सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. अपवादात्मक प्रसंगी करायची झाली, तर महिला पोलीस आणि न्यायाधीशांची आधी घेतलेली परवानगी लागते.

पैसे मागितले तर

"साहेब, पावती फाडा," एवढंच म्हणा. त्यावर बहुतेक वेळा विषय संपतो, असा माझा अनुभव आहे. नाहीच संपला तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. धमकी किंवा मारहाण होत असेल तर ११२. तक्रारीत तारीख, वेळ, नाका आणि पट्टीवरचं नाव लागतं. चुलत्यांना यातलं काहीच आठवत नव्हतं, म्हणून घरी पोचायची वाट न बघता रस्त्याच्या कडेलाच मोबाइलमध्ये टिपून ठेवा.