प्रॉक्सीच्या लॉगची बेरीज आणि सेवादात्याचा आकडा: तफावत कशी शोधावी

प्रॉक्सीच्या (वापरकर्ते आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसणाऱ्या सर्व्हरच्या) लॉगमधील बाइटची बेरीज आणि इंटरनेट सेवादात्याने दाखवलेला डेटावापर जुळत नाही, याचे मूळ कारण मोजणीच्या जागेत आहे. प्रॉक्सी स्वतःच्या आणि वापरकर्त्याच्या मधली देवाणघेवाण नोंदवते, तर सेवादाता बाहेरच्या लाइनवरून गेलेले प्रत्येक पॅकेट मोजतो. म्हणून तक्रार करण्यापूर्वी राउटरच्या वॅन पोर्टचा (बाहेरची लाइन जोडलेल्या पोर्टचा) काउंटर तिसरा साक्षीदार म्हणून घ्यावा. तो सेवादात्याच्या आकड्याशी जवळपास जुळला, तर तफावत आपल्याच नेटवर्कमध्ये शोधायची आहे.

आधी एकके पाहावीत. १०२४च्या पटीत मोजलेले १०० गिगाबाइट १०००च्या पटीत सुमारे १०७.४ होतात.

स्क्विड या प्रॉक्सी सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या अॅक्सेस लॉगमध्ये पाचव्या रकान्यात क्लायंटला पाठवलेले बाइट असतात, त्यामुळे अपलोड त्या बेरजेत येत नाही. उलट टीसीपी_हिट किंवा टीसीपी_मेम_हिट असा शेरा असलेल्या ओळींतील मजकूर कॅशमधून, म्हणजे प्रॉक्सीने आधीच साठवलेल्या प्रतीतून, दिलेला असतो; तो बाहेरच्या लाइनवरून आलेला नसतो. त्या ओळी वेगळ्या काढून वजा कराव्यात. कनेक्टच्या ओळी विशेष लक्ष देऊन वाचाव्यात, कारण प्रॉक्सीतून आरपार जाणारा एचटीटीपीएसचा बोगदा (कूटबद्ध कनेक्शन) बंद झाल्यावरच त्याची नोंद होते. दुसऱ्या रकान्यात १४४००००० मिलिसेकंद दिसले, म्हणजे ते कनेक्शन चार तास चालले होते. ते महिनाअखेरीस रात्री दहाला सुरू होऊन दोनला संपले असेल, तर त्याचे सगळे बाइट पुढच्या महिन्याच्या खाती पडतात.

हेडरचा बोजा मात्र उगाच फुगवून सांगितला जातो. १५०० बाइटच्या पॅकेटमध्ये आयपीव्ही४ आणि टीसीपीचे हेडर मिळून किमान ४० बाइट, म्हणजे सुमारे २.७ टक्के असतात; पोचपावत्या आणि पुन्हा पाठवलेली पॅकेट धरली, तरी चांगल्या लाइनवर तीस टक्क्यांचा फरक यातून निघणार नाही.

एवढा मोठा फरक बहुधा प्रॉक्सीला वळसा घालून जाणाऱ्या ट्रॅफिकचा असतो. नावावरून पत्ता शोधणारे डीएनएस आणि घड्याळ जुळवणारे एनटीपी यांचा वाटा किरकोळ असतो; पण प्रॉक्सीची सेटिंग न पाळणारी मोबाइल अॅप्स आणि, ट्रान्सपरंट प्रॉक्सी (उपकरणात सेटिंग न करता ट्रॅफिक आपल्याकडे वळवणारी) फक्त टीसीपी वळवत असेल तर, यूडीपी ४४३ वरून जाणारे क्विक (ब्राउझर आणि अॅप्स वापरतात तो प्रोटोकॉल) हे खरे वाटेकरी ठरतात. यासाठी फायरवॉलवर प्रॉक्सीखेरीज इतर उपकरणांकडून थेट बाहेर जाणाऱ्या टीसीपी आणि यूडीपी ४४३ साठी बाइट मोजणारा नियम लावावा आणि परतीचे ट्रॅफिकही त्यात धरावे. दिवसभरानंतर तो आकडा लॉगच्या बेरजेत मिळवून वॅन काउंटरशी ताडून पाहावा.